माझे शरीर, शेजारचे बाळ

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये लागोपाठ लहान मुले दगावली. आधी ताप, मग अंगावर लाल पुरळ, मग श्वास लागणे. गोवर होता. पाहता पाहता तो शहराच्या इतर भागांत गेला, भिवंडी-मालेगावातही रुग्ण सापडू लागले, आणि कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांची रीघ लागली. डिसेंबरात महापालिकेने एक वेगळे पाऊल उचलले. एरवी गोवराचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात; साथीच्या भागात मात्र सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यायचे ठरले. त्यामागे केंद्र सरकारचा निकष होता: ज्या भागातल्या एकूण रुग्णांत नऊ महिन्यांच्या आतली बाळे दहा टक्क्यांहून जास्त असतील, तिथे हा जादा डोस द्यावा.

या निकषाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ज्यांचे लस घेण्याचे वयच झाले नव्हते, अशी बाळे आजारी पडत होती. त्यांच्या आईवडिलांनी लस नाकारली नव्हती, टाळली नव्हती, की विसरलीही नव्हती. ही बाळे ज्यांच्या भरवशावर सुरक्षित राहायची, ती आजूबाजूची मोठी मुले लशीविना राहिली होती.

लस घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे आपण सहज म्हणतो. त्या म्हणण्याची परीक्षा या बाळांपाशी होते. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडलेले बरे. माझ्या शरीरात काय जावे हे ठरवण्याचा हक्क खरा आहे आणि मोलाचा आहे. पण संसर्गजन्य रोगात माझा निर्णय माझ्या शरीरापाशी थांबत नाही, म्हणून त्या हक्कावर समाज काही बंधने घालू शकतो. आणि अशी बंधने घालण्याचा अधिकार सरकारला आयता मिळत नाही, तो आधी कमवावा लागतो. वादात या तीन गोष्टींपैकी बहुधा एकच उचलली जाते आणि उरलेल्या दोन सोडून दिल्या जातात.

भेट न होताही लागण

गोवराइतका झपाट्याने पसरणारा रोग विरळाच. रुग्ण खोकला किंवा शिंकला की विषाणू असलेले बारीक तुषार बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतात. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवसांपर्यंत मुलाकडून इतरांना लागण होते. त्या आधीच्या चार दिवसांत दिसते काय, तर ताप, वाहते नाक, लाल डोळे, कोरडा खोकला. घरच्यांना वाटते, हवा बदलली म्हणून सर्दी झाली.

वस्तीतला एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. छोटी खोली, भिंतीला लागून एक बाकडे, पावसामुळे बंद केलेली खिडकी. सकाळी दहा वाजता तीन वर्षांचा एक मुलगा आईच्या मांडीवर खोकत बसतो, औषध घेऊन जातो. अकरा वाजता दुसरी आई सात महिन्यांच्या मुलीला जुलाब होतात म्हणून घेऊन येते आणि त्याच बाकड्यावर बसते. दोन्ही आयांनी एकमेकींचे तोंडही पाहिलेले नाही. दहाबारा दिवसांनी त्या मुलीला ताप भरेल, तेव्हा तो कुठून आला हे कुणालाही सांगता येणार नाही.

सात महिन्यांच्या बाळाला लस का देत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. आईच्या शरीरातली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळालेली असतात. ती पहिले काही महिने त्याला राखतात. पण तीच लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात, म्हणून फार लवकर दिलेली लस नीट लागू पडत नाही. ही प्रतिपिंडे ओसरली की बाळ उघडे पडते आणि लशीची वेळ मात्र अजून आलेली नसते. या मधल्या काळात त्याच्याभोवतीची माणसे हेच त्याचे संरक्षण.

परळला टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांचेही तसेच. केमोथेरपी चालू असताना प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि गोवराची लस जिवंत विषाणूची असल्यामुळे त्या काळात ती देता येत नाही. गावाहून आलेले असे एखादे कुटुंब धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहते, बसने आणि लोकलने ये-जा करते. त्या मुलाला आपली काळजी स्वतः घे असे सांगून भागत नाही.

पंचाण्णव टक्के कुठून येतात

गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना संरक्षण हवे असे म्हणतात. हा आकडा सरकारी उद्दिष्ट म्हणून कुणी टेबलावर बसून ठरवलेला नाही. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. साथ विझायची तर एका रुग्णामागे सरासरी एकाहून कमी नवा रुग्ण व्हायला हवा. १२ जणांपैकी निदान ११ जण सुरक्षित असतील तर हे साधते, म्हणजे सुमारे ९२ टक्के. १८ धरले तर १७ जण, म्हणजे ९४ टक्क्यांच्या पुढे. पंचाण्णव हा आकडा या हिशेबातून येतो.

आता त्यात लशीची मर्यादा मिळवा. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस सुमारे ८५ टक्के मुलांमध्ये काम करतो. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. समजा, एखाद्या वस्तीत १०० पैकी ९० मुलांना एकच डोस मिळाला आहे. कागदावर काम चांगले दिसते. पण त्या ९० पैकी सुरक्षित झाली ७६-७७. म्हणजे २३-२४ मुले उघडी आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक लस घेतलेली आहेत. लस न घेतलेली दहा मुले स्वतःपुरता धोका पत्करतात असे इथे म्हणता येत नाही. ज्यांनी आपले कर्तव्य केले पण ज्यांच्या अंगी लस लागली नाही, त्या मुलांच्या वाट्यालाही तो येतो.

शिवाय गोवर म्हणजे चार दिवसांचा ताप नव्हे. न्यूमोनिया होतो, तीव्र जुलाब होतात. अ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांचे डोळे जाऊ शकतात. साधारण हजारात एका रुग्णाला मेंदूदाह होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की गोवर झाल्यावर इतर रोगांविरुद्ध शरीराने आधी कमावलेल्या प्रतिपिंडांचा ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा होतो. गोवरातून बरे झालेले मूल त्यामुळे पुढे कितीतरी महिने दुसऱ्या आजारांना बळी पडते. लशीमुळे काही मुलांना ताप येतो, अंगावर हलके पुरळ उठते. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. लशीचा धोका शून्य नाही. पण दोन्ही धोके एका तराजूत घालण्याजोगे नाहीत.

हेल्मेट आणि ब्रेक

सगळ्या लशी मात्र एका माळेचे मणी नाहीत. हेल्मेट न घालता दुचाकी चालवणारा प्रामुख्याने स्वतःचा जीव पणाला लावतो. ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणणारा दुसऱ्याचा. लशींतही हा फरक आहे.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. प्रौढ माणसाने धनुर्वाताचे इंजेक्शन नाकारले तर तो मूर्खपणा असेल, पण त्यात शेजाऱ्याला धोका नाही. बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या भयंकर प्रकारापासून वाचवते, पण समाजातला क्षयाचा प्रसार ती फारशी रोखत नाही. गोवर, घटसर्प, पोलिओ यांचे गणित वेगळे. तिथे एकाचा डोस दुसऱ्यालाही राखतो.

रुबेलाची लस तर बहुतांशी दुसऱ्यासाठीच असते. रुबेला लहान मुलाला झाला तर बहुधा सौम्य ताप आणि पुरळ यावर निभावते. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला तो झाला तर जन्माला येणारे बाळ बहिरे असू शकते, त्याला मोतीबिंदू किंवा हृदयाचा जन्मजात दोष असू शकतो. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रभर शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा मुलग्यांनाही ही लस का, असे पालक विचारत होते. उत्तर हेच होते: तो मुलगा उद्या घरी जाऊन कुणाच्या गर्भार आईला, काकूला, बाईंना हा आजार देऊ नये म्हणून.

कोविडची लस या दोन टोकांच्या मधली निघाली. आजार गंभीर होण्यापासून आणि मृत्यूपासून तिने मोठे संरक्षण दिले. पण संसर्ग रोखण्याची तिची ताकद काही महिन्यांत कमी होत गेली आणि ओमायक्रॉन आल्यावर तर लस घेतलेलेही सर्रास विषाणू पसरवू लागले. ती घेण्याचे कारण त्यामुळे कमी झाले नाही. ती न घेणाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाने निर्बंध घालण्याचे कारण मात्र कमजोर झाले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या काळात पुरेसे स्पष्टपणे सांगितले गेले नाही. त्यामुळे एका बाजूला सरसकट सक्ती आणि दुसऱ्या बाजूला सरसकट अविश्वास, अशी दुफळी पडली.

पाच डॉलरचा दंड

हा वाद न्यायालयात नवा नाही. १९०२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज शहरात देवीची साथ आली. तिथल्या आरोग्य मंडळाने सर्वांना देवीची लस घेण्याचा आदेश दिला. नाकारणाऱ्या प्रौढाला पाच डॉलर दंड. मूळचे स्वीडनचे पाद्री हेनिंग जेकबसन यांनी लसही घेतली नाही आणि दंडही भरला नाही. लहानपणी लस घेतल्यावर आपल्याला मोठा त्रास झाला होता, असे त्यांचे म्हणणे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०५ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा की, स्वातंत्र्य म्हणजे इतरांना होणाऱ्या इजेची पर्वा न करता वागण्याची मुभा नव्हे, आणि साथीपासून स्वतःचे रक्षण करण्याचा अधिकार समाजाला आहे.

लसीकरणाच्या बाजूने बोलणारे या निकालाचा हवाला नेहमी देतात. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. शिक्षा दंडाची होती. कुणाला धरून टोचण्याला न्यायालयाने मान्यता दिली नव्हती. आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक ठरेल अशा माणसावर ती लादणे क्रूरपणाचे होईल, असेही न्यायालयाने नोंदवले होते.

या निकालाचे पुढे झाले काय, हे तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. १९२७ साली याच अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे कॅरी बक या तरुणीचा खटला आला. राज्याने तिला मंदबुद्धी ठरवून तिची सक्तीने नसबंदी करायचे ठरवले होते. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ती वैध ठरवली आणि आधार दिला तो जेकबसनच्या निकालाचा: जे तत्त्व सक्तीच्या लसीकरणाला चालते, ते इथेही चालते. साथ रोखण्यासाठी घेतलेला पाच डॉलरचा दंड वीस-बावीस वर्षांत एका निरपराध स्त्रीच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचला. सार्वजनिक हिताच्या नावाने सरकारला दिलेला अधिकार किती आणि कुठवर, हे आखून घेतले नाही तर काय होते याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

सक्तीचा भार सगळ्यांवर सारखाही पडत नाही. इंग्लंडमध्ये १८५३ पासून बाळांना देवी काढणे सक्तीचे होते. पैसेवाले दंड भरून मोकळे होत. मजुरांच्या घरातले सामान दंडवसुलीसाठी लिलावात जाई. १८८५ साली लेस्टर शहरात हजारो माणसे याविरुद्ध रस्त्यावर उतरली. शेवटी १८९८ च्या कायद्याने सद्सद्विवेकाच्या कारणावरून नकार देण्याची सवलत दिली.

लोकलचे फाटक आणि कलम २१

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या लोकलच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलने प्रवास करता येईल, असे राज्य सरकारने ठरवले. विरार-बदलापूरहून कामाला येणाऱ्या माणसासाठी लोकल ही चैन नसते, ती भाकरी असते. त्या वेळी लशीचे स्लॉट मिळवण्यासाठी लोक पहाटेपासून मोबाइलला चिकटून बसत होते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांचे हाल तर विचारायला नको. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला सुनावले की हे आदेश काढताना कायद्याने ठरवून दिलेली पद्धतच पाळलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने तर लशीचा एकही डोस न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल देऊ नये, असा आदेश काढला होता. लसीकरण वाढावे हा हेतू चांगला होता. पण रेशनचे धान्य अडवले की मार बसतो तो रेशनवर जगणाऱ्यालाच.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल या बालरोगतज्ज्ञांच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की, स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय हा संविधानाच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे आणि कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. त्याच वेळी, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, मात्र त्या मर्यादा कायद्याला धरून, योग्य हेतूने आणि गरजेपुरत्याच असल्या पाहिजेत, असेही स्पष्ट केले. लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका लस घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवली नव्हती. म्हणून त्या वेळचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणशीर वाटले नाहीत.

काहींनी हा निकाल लशींविरुद्धचा म्हणून नाचवला. तसा तो नाही. सरकारच्या लसीकरण धोरणाला न्यायालयाने मनमानी म्हटले नाही, आणि आपल्या सूचना त्या वेळच्या कोविडच्या परिस्थितीपुरत्या असल्याचेही सांगितले. न्यायालयाने सरकारकडे मागितला तो पुरावा. गोवराच्या बाबतीत असा पुरावा ढीगभर आहे.

सक्तीच्या आठवणी

महाराष्ट्राला तर अशा सक्तीची जुनी ओळख आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात घुसत, सामानसुमान रस्त्यावर फेकत, माणसांना ओढून नेत. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. आणि नेमक्या त्याच काळात मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी ती आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. एकाच साथीत, एकाच इलाख्यात सोजिरांचे बूटही दिसले आणि स्वतःचा दंड पुढे करणारा शास्त्रज्ञही. लोकांच्या स्मरणात कोणते जास्त खोल रुतले, हे सांगायला नको.

१९७३ ते ७५ या काळात देवीच्या निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी रात्री दारे फोडून माणसांना धरून लस टोचली गेली. त्या मोहिमेतल्या परदेशी डॉक्टरांनीच हे पुढे लिहून ठेवले आहे. देवी गेली, हा माणसाच्या इतिहासातला फार मोठा विजय. पण लागलीच आणीबाणीतली नसबंदी आली, आणि सरकारी सुई म्हणजे दगाफटका ही भीती गरिबांच्या घरात घर करून बसली. पुढे उत्तर प्रदेशात पोलिओचे थेंब पाजायला गेलेल्या पथकांना दारे बंद मिळाली ती याच भीतीपोटी: हे थेंब मुलांना पुढे मूल होऊ देणार नाहीत, अशी अफवा होती.

तिथे सरकारने मुख्य भर पोलिसांवर ठेवला नाही. घराघरांत जाऊन बोलणाऱ्या स्थानिक बायका नेमल्या. मशिदीतून इमामांनी आवाहन केले, अलीगढ आणि जामिया या विद्यापीठांतली प्राध्यापक मंडळी सोबत आली. लोक म्हणत, आमची नाली तुंबली आहे, तापाला औषध नाही आणि तुम्ही दर महिन्याला फक्त थेंब घेऊन येता; मग पोलिओबरोबर स्वच्छता, जुलाबावरचे उपचार, इतर लशी याही गोष्टी पोहोचवायचा प्रयत्न झाला. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगात सर्वाधिक. २०१० मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात शेवटची रुग्ण सापडली. जगाने अशक्य मानलेले हे काम मन वळवून झाले.

सामोआतली लाल कापडे

पॅसिफिक महासागरात सामोआ नावाचा जेमतेम दोन लाख वस्तीचा देश आहे. २०१८ च्या जुलैमध्ये तिथे दोन बाळे लस दिल्यावर काही मिनिटांत दगावली. लशीत दोष नव्हता. लशीची पावडर पाण्यात मिसळण्याऐवजी परिचारिकांनी मुदत संपलेल्या भुलीच्या औषधात मिसळली होती. सरकारने ही लसच महिनोन्महिने थांबवली. खरे कारण लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत अफवा गावोगाव फिरल्या, आणि गोवराच्या लसीकरणाचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. ८३ माणसे मेली, बहुतेक सगळी लहान मुले. डिसेंबरात सरकारने दोन दिवस सगळा देश बंद ठेवला. ज्या घरात कुणाला लस मिळालेली नाही त्यांनी दारासमोर लाल कापड बांधायचे, आणि पथके त्या कापडाच्या खुणेने घरोघर फिरली.

ही गोष्ट लस नाकारणाऱ्यांविरुद्ध सांगितली जाते. पण एखाद्या आईने दोन बाळे गेल्याचे ऐकून आपले बाळ मागे खेचले, तर तिला अडाणी म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. विश्वास यंत्रणेने गमावला होता. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली आणि तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. अशी एक चूक शंभर भाषणांनी भरून निघत नाही. चूक झाली की ती त्याच दिवशी कबूल करणे, तपास उघड करणे, आणि ज्याला इजा झाली त्याचा खर्च उचलणे, एवढाच त्यावर उपाय आहे. ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ मध्ये लशीमुळे गंभीर इजा झालेल्यांना भरपाई देण्याचे कायदे केले. सगळ्यांच्या भल्यासाठी घेतलेल्या लशीने लाखांत एखाद्याचे नुकसान झाले, तर ते सगळ्यांनी मिळून सोसायचे, हा त्यामागचा न्याय आहे.

सक्तीआधीचे चार प्रश्न

एवढे पाहिल्यावर निर्बंध कधी योग्य, हे ठरवायला मला चार प्रश्न पुरेसे वाटतात. ही लस प्रसार रोखते का, की फक्त घेणाऱ्याला वाचवते? धोका ज्यांना आहे त्यांना स्वतःचे रक्षण करण्याचा मार्ग आहे का? याहून सौम्य उपायाने काम होणार नाही, हे खात्रीने सांगता येते का? आणि सरकारने आपल्या वाट्याचे काम आधी केले आहे का?

चौथ्या प्रश्नापाशी आपण गोवंडीकडे परत पाहिले पाहिजे. तिथल्या लस न मिळालेल्या मुलांच्या घरी सगळीकडे नकार होता असे नाही. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते. कुटुंबे गावाकडे गेली, परत आली, खोली बदलली. मुलाचे कार्ड हरवले. रोजंदारीवरच्या बाईला लसीकरणाच्या दिवशी रजा घेणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे. मूल गेल्या डोसाने रात्रभर तापले होते आणि तापाचे काय करायचे हे नीट कुणी सांगितले नव्हते, म्हणून पुढचा डोस राहिला. काही घरांत भीती होती, काही घरांत विरोधही. पण या सगळ्यांना लसविरोधक अशी एकच चिठ्ठी लावली की आरोग्यसेविकांची रिक्त पदे, केंद्रांच्या वेळा, दूरचे अंतर या गोष्टींचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही. ज्याला लस मिळालीच नाही त्याला स्वातंत्र्य आणि जबाबदारीचे व्याख्यान देणे हा अन्याय आहे.

मग सगळे समजून, सगळे हाताशी असून जे नाही म्हणतात त्यांचे काय? त्यांना धरून टोचू नये, कधीच नाही. त्यांचे रेशन, उपचार, रोजगाराला जाण्याची वाट अडवू नये. पण गोवर-रुबेलासारख्या लशींच्या बाबतीत पाळणाघर आणि बालवाडीच्या दारात लसीकरण कार्ड मागणे, वैद्यकीय कारण असलेल्यांना सूट देणे, आणि साथीच्या काळात लस न घेतलेल्या मुलाला काही दिवस घरी ठेवायला सांगणे, हे मला न्याय्य वाटते. तिथे सात-आठ महिन्यांची बाळे असतात. दुसऱ्याच्या बाळाला धोक्यात घालण्याचा हक्क कोणत्याही आईबापाच्या स्वातंत्र्यात बसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चेक प्रजासत्ताकातल्या अशाच नियमाला सोळा विरुद्ध एक मताने मान्यता दिली. तिथे लस न घेतलेल्या मुलांना बालवाडीत घेत नाहीत, पण वय झाल्यावर प्राथमिक शाळेचे दार त्यांना बंद होत नाही. शिक्षणाचा हक्क शाबूत ठेवून धाकट्या मुलांना राखण्याची ही रेघ मला योग्य ठिकाणी ओढलेली दिसते. शिवाय मूल ही आईबापांची मालमत्ता नाही. लशीविना राहिल्याने ज्याला गोवर होईल, त्याने स्वतः कोणताच निर्णय घेतलेला नसतो.

बाकीचे घेतातच, मग माझ्या एकट्याने काय अडते, असे म्हणणाऱ्याला एवढेच सांगायचे: तुमचे मूल आज सुरक्षित आहे ते त्या बाकीच्यांनी आपल्या मुलांच्या दंडात सुई टोचू दिली म्हणून. त्यांत धुणीभांडी करणारी बाई आहे, ऊसतोड मजूर आहे, दिवसाची मजुरी बुडवून केंद्रावर रांगेत उभी राहिलेली आई आहे. त्यांच्या त्यागावर आपले स्वातंत्र्य उभे करणे हे स्वातंत्र्य नव्हे, उधारी आहे. आणि सरकारलाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवे: नियमाचा कागद काढण्याआधी आरोग्यसेविकेचे पद भरा, केंद्र संध्याकाळीही उघडे ठेवा, दुष्परिणामांची माहिती लपवू नका, इजा झालेल्याला वाऱ्यावर सोडू नका. ही कामे झाली की नकार देणारे फार थोडे उरतील, आणि त्यांच्यासाठी बालवाडीच्या दारातला साधा नियम पुरेसा होईल.